दोन गुंठे आणि मरिआईची नोंद

मी, साळूबाई कोम मच्छिंद्र साळवे, धर्म ख्रिस्ती, वय अदमासे सत्तर, राहणार घोडेगाव, तालुका नेवासे, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्या भिडेने नव्हे, स्वतःच्या बुद्धीने सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. जीव ठिकाणावर नाही, म्हणून ही घाई.

१. राहते घर व ओढ्याकाठचे शेत मुलगा गोरक्ष यास. तो शाळेत मास्तर आहे, नांगर धरणे त्याला जमायचे नाही. तरी विकू नये.

२. माझे यजमान पाथरवट होते. त्यांच्या छिन्न्या माझ्याबरोबर पुराव्यात.

३. रस्त्याकडेचे दोन गुंठे व त्यावरील मरिआईचे देऊळ. हीच काळजी मला खाते. पटकीच्या साली आमच्या दोन मुली एका आठवड्यात गेल्या. यजमानांनी चार महिने दगड घडवून ही खोली बांधली, आत मरियामातेची तसबीर ठेवली. दार मुद्दाम बसवले नाही. बैलबाजाराला जाणारे तिला मरिआई समजून नारळ फोडू लागले. शेजारच्या बनुबाई दर मंगळवारी दिव्यात तेल घालतात, मी तिथेच बसून माळ जपते. वीस वर्षांत आम्ही एकमेकींच्या आड आलो नाही.

सरकारी दप्तरातही 'मरिआईचे देऊळ' अशीच नोंद आहे. त्यापायी यजमानांनी मरेपर्यंत तलाठ्याला शिव्या दिल्या. आता गोरक्ष नोंद दुरुस्त करायला निघाला आहे. दुरुस्त झाली तर बनुबाई पायरी चढायच्या नाहीत. तशीच राहिली तर उद्या गाव म्हणेल, देऊळ आमचे, तसबीर उचला. दोन्हीकडून मला धडकी भरते.

आता खरे सांगते. तलाठ्याची चूक नव्हती. मोजणीच्या दिवशी त्याने विचारले, "हे कोणाचं?" मी म्हणाले, "मरिआईचं हाय." मरिया आमची आई. माझ्या तोंडून ते तसेच निघते. त्याने ऐकले ते लिहिले. यजमान रागावतील म्हणून मी गप्प राहिले, त्याची लाज वाटते.

म्हणून हे दोन गुंठे गोरक्ष व बनुबाई यांना सामाईक. एकट्याच्या सहीने काही बदलू नये. तसबीर हलवू नये, नारळ अडवू नये, दार बसवू नये.

४. गावातल्या काकासाहेबांनी देवळाची खालची पायरी नेऊन गोठ्याला लावली आहे. मी क्षमा केली. पायरी परत आणावी.

घोडेगाव, ता. १२ फेब्रुवारी १९४६.
साळूबाई कोम मच्छिंद्र साळवे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
गहिनीनाथ बिन रामजी, सही.
काकासाहेब बिन बाबाजी, सही. कलम चार ऐकले. पायरी आणतो.

लिहिणार नृसिंह विनायक मुळे, निवृत्त शिक्षक: कलम तीनमध्ये मी बाईंच्या धर्माला धरून 'मरियाआईचे देऊळ' असे लिहिले होते. वाचून दाखवताना त्यांनी थांबवले. म्हणाल्या, "गुर्जी, त्यातलं 'या' काढा. गोरक्षला कळू द्या, त्याची आई असंच म्हनत हुती." अक्षर एक खोडले, बाईंच्या समक्ष.