स्लू म्हणजे काय

३ मार्च, सोमवार

उशीर झाला, माफ कर. नऊ दिवस वही उघडली नाही. वाटायचं, लिहिलं की खरं होऊन बसेल.

अपघातातला वेल्डर अजून शुद्धीवर नाही. बरगड्या मोडल्यात, छातीत रक्त साठलंय म्हणतात. पुतण्याला यार्डात पाऊल टाकायला बंदी, कारण क्रेन त्याच्या हातात होती. वेल्डरचं काही बरंवाईट झालं तर लायसन जाईल, वर तुरुंग. भावाच्या मागे मीच वाढवला त्याला. क्रेनवरही मीच चढवला. आणि त्या दिवशी खाली उभा राहून इशारा देणारा मीच होतो. पण माझं नाव कोणी घेत नाही.

४ मार्च, मंगळवार

सेफ्टीसाहेबाने कोरा कागद पुढे सरकवला. म्हणाला, काका, चौकशीवाल्यांना यार्डाची भाषा कळत नाही, स्लू म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत लिहा. चौथी शिकलेला माणूस मी, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ मी सांगायचा! तासभर घाम गाळला. जे लिहिलं ते इथे उतरवतो —

क्रेनची चाकं जागेवरच राहतात. वरचं सगळं — केबिन, बूम म्हणजे क्रेनचा लांब हात, हुकाला लटकलेला माल — गोल वळतं. त्याला स्लू म्हणायचं. आम्ही 'फिरव' म्हणत नाही. फिरव म्हटलं तर एखादा चाकं फिरवील, एखादा दोराचा ड्रम. स्लू म्हटलं की घोळ नाही. डावीकडे स्लू. हळू स्लू. स्लू बंद, म्हणजे आहेस तिथे थांब.

नवा माणूस एक गोष्ट विसरतो. पुढे बूम वळते तेव्हा मागे शेपूटही वळतं. शेपूट म्हणजे तोल राखायला लावलेलं आठ टन लोखंड. सगळ्यांचे डोळे मालावर, आणि हे मागून गुपचूप येतं. म्हणून आमच्याकडे रीत आहे. इशारा देणाऱ्याने आधी मागे जायचं, कोणी नाही ना बघायचं, शेपटावर पान्याने तीन ठोके द्यायचे. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, पण ठोके ऐकू येतात. मग पुढे येऊन हात करायचा. ही रीत मीच पाडली. तीस वर्षांत कोणाला खरचटलं नाही.

साहेबाने वाचलं, मान डोलावली. मग विचारलं, त्या दिवशी मागे जाऊन ठोके दिले होते ना? मी 'हो' लिहिलं. खाली सही केली.

६ मार्च, गुरुवार

वहीत तरी खरं लिही, म्हाताऱ्या.

मागे गेलोच नव्हतो. थंडीपासून गुडघा वाकत नाही. मागे सगळी खडी आणि पाइपांचे तुकडे. पुढेच उभा राहिलो, चाकावरच्या पत्र्यावर तीन ठोके दिले आणि हात केला. तो काही पहिला दिवस नव्हता. वर बसलेल्याला कुठून कळणार, ठोके पुढचे की मागचे! वेल्डर मागे वाकून केबल गुंडाळत होता. शेपूट आणि पाइपांची थप्पी, त्यांच्या मधे सापडला.

७ मार्च, शुक्रवार

रात्री जेवायला उठलोच नाही. पुतण्याच म्हणाला, "काका, जेवा. तुमचं यात काही नाही." वर हसला. त्याच्या बायकोने, सूनबाईने, ताट जरा जोरातच ठेवलं.

८ मार्च

साहेबाकडे जाऊन खरं सांगणं आजही जमलं नाही.

१० मार्च, सोमवार

गेलो. साहेबापुढे उभं राहून सगळं सांगितलं. चाकावरचा पत्रा, गुडघा, खोटी सही.

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, पुतण्यासाठी जीव तुटतो, समजतं मला. पण त्याने काल लिहून दिलंय. ठोके यायच्या आधीच मी स्लू केलं, म्हणून."

मी म्हटलं, तो खोटं बोलतोय. साहेब म्हणाला, स्वतःला आत घालायला कोण खोटं बोलतं? मग शिपायाला बोलावून मला फाटकापर्यंत सोडायला सांगितलं. जिना उतरताना शिपायाने माझा दंड धरला होता.

आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं, तेवढंच सगळ्यांना पटलं.

११ मार्च

पुतण्या घरी नाही. कपड्यांची पिशवी नाही. फोन बंद.

१३ मार्च, गुरुवार

वेल्डर आज सकाळी गेला.

सूनबाई भांडी विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. ठोका कुठून येतो ते केबिनमध्ये बसल्या जागी कळतं म्हणाले. महिनाभर तुम्ही पुढूनच देत होता. बोललो तर काकांना घरी बसवतील, म्हणून गप्प राहायचे आणि स्लू करायचे."

बाळा, शिव्या घाल मला. पण जिथे असशील तिथून एक ओळ कळव. लवकर कळव.