दोरिंदाचे हात

मी, एर्मिंदा काल्वेइरो, वय एकाहत्तर, शिल्पकार, राहणार कांगास, बंदरामागची गल्ली, हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डॉक्टरांनी फुफ्फुसांची आशा सोडली आहे, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला कोणी उरलेलेही नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिताना मी स्वतःला फार मोठी समजत होते.

१. राहते घर सार्डिन मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बायकांच्या मंडळाला द्यावे. दारावर माझ्या नावाची पाटी लावू नये.

२. प्लास्टरची घमेली, चाळण्या, पटाशा आणि मोठे टेबल लिसार्दोला. तीस वर्षे त्याने माझे प्लास्टर कालवले आणि एकाही प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी त्याचे नाव छापले नाही. आता छापले तरी त्याला वाचता येणार नाही, इतकी त्याची नजर गेली आहे.

३. कारखान्यातल्या चौसष्ट बायकांच्या हातांचे ठसे मी १९८८ साली घेतले. त्यातले उरलेले एकोणीस ज्यांचे त्यांच्या घरी पोचवावेत. नको म्हणतील त्यांना आग्रह करू नये. माझी आई दोरिंदा त्याच कारखान्यात एकतीस वर्षे मासे साफ करत होती. तिने हात द्यायला साफ नकार दिला होता. म्हणाली, "जन्मभर या हातांचा वास घासत आले. आता तू ते भिंतीवर टांगणार?" मी हसण्यावारी नेले. ती हसली नव्हती.

४. आई १९९१च्या नोव्हेंबरात गेली. धाकटी बहीण बाल्बिना सकाळी अंत्यविधीची फुले आणायला गेली, तेव्हा दवाखान्यातल्या खोलीत आईजवळ मी एकटीच होते. पिशवीत प्लास्टर होते. ते मी घरूनच नेले होते, हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. बाल्बिना परतली, आईच्या नखांत पांढरे पाहून तिने विचारले, तेव्हा दवाखान्याची पावडर असेल असे मी सांगितले.

दोन वर्षांनी माद्रिदमध्ये आईचे ते प्लास्टरचे हात मांडले आणि माझे नाव झाले. बाल्बिनाने ते वर्तमानपत्रात पाहिले. त्यानंतर मी बत्तीस वर्षे काम केले, पण लोक त्याच हातांबद्दल विचारत राहिले, आणि मीही दर वेळी त्याच दोन-चार वाक्यांत सांगत राहिले. ते ऐकवताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही.

हात परदेशातल्या एका खासगी संग्रहात आहेत. परत मागणारी तीन पत्रे मी लिहिली. शेवटचे उत्तर असे आले की ते शक्य नाही, पण कलाकृती उत्तम स्थितीत आहे, निश्चिंत असावे. जे माझे नाही ते मला देता येत नाही, म्हणून या कलमाखाली कोणालाच काही मिळत नाही. साचा तेवढा माझ्याकडे होता. गेल्या आठवड्यात तो लिसार्दोला फोडायला दिला. त्याने आतून बोटे फिरवली, म्हणाला, "नखंसुद्धा कळतात गं." मग फोडला.

५. दफनाविषयी. दफनभूमीच्या भिंतीत, जिथे शवपेट्या ठेवतात, तिथला आईशेजारचा कोनाडा रिकामा आहे आणि त्याचे कागद बाल्बिनाकडे आहेत. फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. जिने चढताना तीनदा बसले. तिने दार उघडले, आत बोलावले नाही. माफी मागायला माझ्याने तोंड उघडवले नाही; कोनाडा तेवढा मागितला. तिने एप्रनला हात पुसले. मग शांतपणे म्हणाली, "तुला पुन्हा तिच्याजवळ एकटं सोडणार नाही मी."

तिचे म्हणणे रास्त आहे. माझे दहन करावे. राखेबाबत माझी कोणतीही सूचना नाही.

हे दोन साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचले आणि सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार: शेव्हेरियानो पाथोस, खानावळवाले
साक्षीदार: ओदिला रेगेइरा, परिचारिका

सही: एर्मिंदा काल्वेइरो
कांगास, ११ मार्च २०२५