तुझ्या वाट्याचं तेल

मुर्री, मंगळवार

प्रिय धुरपता,

फोन लावला की तुझा लोकेंद्र म्हणतो, मावशी, आई झोपली आहे. तू भरदुपारी झोपणारी बाई नाहीस, म्हणून लिहून राहिले. दिवाळी झाली की नागपूरहून परत येते म्हणाली होतीस. संक्रांत आली. अडकली कुठे?

इकडे माझं डोकं तापून राहिलं आहे. आमची सून नीतू गोंदियातल्या नव्या थंडगार दुकानातून सोयाबीन तेलाचा डबा घेऊन आली. जीवनलालच्या किराण्यात बाराशेला पडतो, हा अकराशे चाळीसला मिळाला, म्हणून घरभर नाचली. मी डबा फिरवून पाहिला. वाचायला मला वेळ लागतो, पण वाचते. जीवनलालचा डबा पंधरा किलोचा, हा पंधरा लिटरचा! म्हणे, आई, एकच असते. एकच असते काय? लिटरभर तेल कधी किलोभर भरलं आहे? ऐकेना, तर डबा ऑटोत घातला आणि जीवनलालच्या काट्यावर नेऊन ठेवला. रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं, तर सव्वा किलोच्या वर तेल कमी. साठ रुपये वाचवले आणि शंभराचं तेल घालवलं. नीतू तोंड फुगवून बसली. धनेंद्र मलाच म्हणतो, एवढ्याशासाठी काऊन भांडून राहिली माय? एवढंसं म्हणे! बायकोपुढे आईचं सगळंच एवढंसं.

तू असतीस तर तिच्यासोबत तूही माझी बोलणी खाल्ली असतीस आणि माझा जीव थंडावला असता. आपण दोघींनी डबा आणायचा, तुझ्या ओसरीत बसून लोट्याने वाटायचा. एक लोटा तुझा, एक माझा. लोटा काठोकाठ भरला नाही म्हणून तू कटकट करायची. रिकामा डबा पाळीपाळीने, एकदा तुझ्या मुरमुऱ्याला, एकदा माझ्या पोह्याला. आता लिटरची पिशवी घ्यावी तर ती भावाने डब्याहून महाग. डबा घ्यावा तर आम्हा तिघांत संपेस्तोवर तेलाला वास सुटतो. स्वस्त भाव हा दोन घरांचा असतो बाई, हे त्या थंड दुकानात कुठे लिहिलेलं नाही.

आता खरं लिहिते. त्या दिवशी काट्यावर डबा असतानाच जीवनलाल बोलला, धुरपताबाईच्या घराला गिऱ्हाईक आलं म्हणते. मी त्यालाच झापलं. पण रविवारी तुझा लोकेंद्र खरंच एका माणसाला घेऊन आला आणि माझ्याकडे घराची किल्ली मागितली. मी म्हटलं, सापडून नाही राहिली. किल्ली माझ्या कमरेलाच होती, आताही आहे. घर विकायचं असेल तर तू स्वतः ये आणि तुझ्या तोंडाने माग. पोराच्या तोंडचं मी ऐकणार नाही. अर्धं तेल मी तुझ्या नावाचं वेगळं काढून ठेवलं आहे. कमी भरलं त्यातलं अर्धं नुकसानही तुझंच. ऊन तापलं की तेल खवट होईल, त्याआधी ये. आणि या खेपेला रिकामा डबा घ्यायची पाळी तुझी आहे.

तुझीच, भिंतीपलीकडची
तुलसा