वारा मी विकत नाही, मामा

मामा, वारा मी विकत नाही. हे मी तुम्हाला नाताळात सांगितलं, मेंढी सोलताना सांगितलं, शेवटी बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलं. तरीही माझ्या लग्नासाठी मुलीकडच्यांना लोबोलाच्या गाई किती द्यायच्या ते ठरवायला झियांडाच्या घरी गेल्यावर, ‘पोरगा करतो काय?’ एवढ्या साध्या प्रश्नाला तुम्ही म्हणालात, ‘जोहान्सबर्गात वारा विकतो.’ तिचे वुसुमझी काका हसता हसता खुर्चीवरून घसरले म्हणे. मग उठून बसले, घराची थट्टा केली म्हणून ब्रँडीची एक बाटली दंड घेतला आणि तुम्हाला वाटेला लावलं. गाईंचा विषय निघालाच नाही. (नमस्कार राहिलाच. गुडघा कसा आहे? मामींची खुडूक कोंबडी उठली का? आईला सांगा, मी वेळेवर जेवतो.)

आता नीट ऐका, कारण तुम्हाला तिथे पुन्हा जायचंय, आणि या खेपेलाही हसं झालं तर झियांडा म्हणते, काका दुसऱ्या कुणाचं मागणं ऐकून घेतील. मी नोलुवुयो मॅडमची गाडी चालवतो. मोठ्या कंपन्यांना वीज लागते, आपल्या घरासारखी एका दिव्याची नाही, आपलं आख्खं कॉफिम्वाबा गाव उजळून उरेल इतकी. सरकारी वीज कशी येते-जाते ते तुम्हाला मी काय सांगू. मग कंपनी म्हणते, आपण सरळ पवनचक्कीवाल्याकडून नाहीतर सोलरवाल्याकडून वीस वर्षांची वीज बांधून घेऊ. झालं, विकणाऱ्यांची दारात रांग, आणि प्रत्येकाची सगळ्यांत स्वस्त. तिथे मॅडम लागतात. त्या घेणाऱ्याच्या बाजूने समोर बसतात आणि विचारतात, कबूल केलीस तेवढी दिली नाहीस तर काय? संध्याकाळी साऱ्या देशाच्या चुली पेटतात तेव्हा किती देशील? दहा वर्षांनी भाव कुठे नेशील? म्हणजे मामा, तुम्ही जे करता तेच मॅडम करतात. फक्त त्या दंड भरून परत येत नाहीत.

परवाचीच गोष्ट. कोंबड्या गोठवून देशभर पाठवणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांना घेऊन आम्ही पवनचक्क्या दाखवायला गेलो, आपल्याच प्रांतात, समुद्राच्या अंगाला. साहेब वाटभर एक शब्द बोलले नाहीत (मी वाटेत घेतलेले मग्विन्याचे तळलेले गोळे मात्र न विचारता संपवले). पोचलो तर एक पातं हलेना. सगळ्या पवनचक्क्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या गप्प. विकणाऱ्याच्या माणसाचं तोंड उतरलं. आता मॅडमची अब्रू ती माझी अब्रू, म्हणून मी पुढे झालो आणि साहेबांना म्हणालो, ‘जेवणाची सुट्टी आहे साहेब. दीडला चालू करतात.’

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ‘मग थांबू.’

थांबलो, मामा. दीड वाजून गेला. एक गाय आली, खांबाला अंग घासून गेली. विकणाऱ्याचा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जसे वुसुमझी काका तुमच्याकडे बघत असतील. मला वाटलं, आता नोकरी गेली. तेवढ्यात मॅडम साहेबांना म्हणाल्या, ‘नीट बघून घ्या. हेसुद्धा तुम्ही विकत घेणार आहात. वाऱ्याचा दिवस काय, कुणीही दाखवील.’ साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘आणि हा तुमचा ड्रायव्हर?’ मॅडम म्हणाल्या, ‘त्याचा सगळ्यावर विश्वास आहे. म्हणून त्याच्या हातात गाडी देते, करार देत नाही.’ आणि तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, वारा पडला तर भरपाई किती हे त्यांनी विकणाऱ्याकडून कबूल करून घेतलं. नाही म्हणायला त्याला तोंड कुठे होतं? साहेबांनी शेवटी निम्मी वीज उन्हाची घेतली, निम्मी वाऱ्याची. तेव्हा पुढच्या वर्षी मामी गोठवलेली कोंबडी आणतील, तर त्या गारठ्यात आपल्या भाच्याचाही हात आहे एवढं त्यांना सांगा. वुसुमझी काकांनाही सांगा, आमचा लुंगिसा बोलणी करणाऱ्यांत वावरतो.

तुमचा भाचा,
लुंगिसा

ता. क. तुमची हकीकत मॅडमना सांगितली. गाडी कडेला घ्यायला लावून हसल्या. मग म्हणाल्या, बोलणीत ज्याला शांतता सोसत नाही, त्याचाच खिसा रिकामा होतो. (ती मलाही सोसत नाही. आपल्या घराण्यात कुणालाच सोसत नाही, एक धाकटे मामा सोडून.)

आणखी ता. क. म्हणून या खेपेला बोलू द्या धाकट्या मामांना. ते दिवसात तीन वाक्यं बोलतात, तेवढी पुरे. मी चालवतो ती गाडी कुणाची असं कुणी विचारलं तर ते ‘ऑफिसची’ म्हणतील आणि थांबतील. तुम्ही मात्र जायचंच, कोट-टोपी घालून शेजारी बसायचं. तुमच्याशिवाय आपलं घर घरासारखं दिसत नाही, हे मी खरंच म्हणतोय. पैसे पाठवतोय. पहिल्या गाईचे बारा हजार. त्यांनी तोंड उघडावं म्हणून रिवाजाचे पाचशे. तुम्ही उघडू नये म्हणून हजार. एकूण साडेतेरा हजार रँड.