सौनातले इतिवृत्त

शनिवार, १४ फेब्रुवारी, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे (शेगडीजवळ भिजकी वही वाळवत असताना)

तीर्थरूप काउकोमामांना अर्मासचा वाकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? इथे उणे एकोणीस आहे (दोनदा पाहिले).

कालच्या बैठकीला आपणही संचालक म्हणून होतातच. पण सौनाच्या वाफेत खालच्या बाकावर आपले डोळे मिटलेले होते, म्हणून सविस्तर लिहितो. कामगारांनी मला मंडळावर निवडून दिले ते अकलेसाठी नव्हे, अक्षरासाठी. (शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटले नाही.) निघताना प्लायवूड खात्यातली आइला म्हणाली, "गावचा पोहायचा तलाव बंद करून आलास ना पोरा, तर तोंड दाखवू नकोस!" कारखान्याच्या गरम पाण्यावर तो तलाव वर्षभर उबदार राहतो, हे आपण जाणताच.

बैठकीत विषय होता सामाजिक जबाबदारी. संचालिका मिर्याबाईंचे म्हणणे, कारखान्याची ऊब बाहेर विकावी, तलाव बंद करावा आणि त्या पैशांतून मुखपृष्ठावर हंस असलेला जाडजूड जबाबदारी-अहवाल छापावा. मी बोलायला तीनदा तोंड उघडले आणि तिन्ही वेळा कॉफी प्यालो. अखेर अध्यक्ष रौतिओ म्हणाले, "चला, उरलेले सौनात ठरवू." रिवाजच तो.

पुरुष अलीकडे, मिर्याबाई लाकडी भिंतीपलीकडे. मी वरच्या बाकावर, मांडीवर इतिवृत्ताची वही. रौतिओंनी तापल्या दगडांवर ओगराळेभर पाणी टाकले, आणि मामा, त्या वाफेत मला तलावच दिसू लागला. बाहेर बर्फ, आत निळे पाणी, त्यावर आइलाची आई आणि तिच्या मैत्रिणी रंगीत टोप्या घालून कमळांसारख्या तरंगताहेत. कोणाचे गुडघे दुखत नाहीत, कोणाला घरी जायची घाई नाही. हे सगळे मी मोठ्याने बोललो, असे नंतर कळले. दगड तेवढे चुरचुरले.

पलीकडून हाक आली, "काय ठरलं रे तिकडे?"

"कोणाचा विरोध?" रौतिओंनी विचारले. शांतता. (आपल्याकडे शांतता म्हणजे होकार.) "मंजूर!"

काय मंजूर, ते मी लगेच टिपले. पण घामाने शाई उतरली आणि पानावर निळे तळे उरले. आज रौतिओंना फोन केला, तर म्हणाले, "तू लिहिलं असशीलच की! सोमवारी पाठव."

आपला आज्ञाधारक,
अर्मास

ता. क. सोबत नवी प्रत आहे: "तलाव सुरू राहील, अहवाल पातळ छापावा." इतिवृत्ताचे तपासनीस म्हणून आपली सही लागते. डोळे मिटले तरी कान उघडे होते, असे आपण म्हणू शकाल का? मंगळवारी त्याच पाण्यात आपलाही गुडघा असतो.

ता. क. २. सौनात शाई टिकत नाही, हे इथे शेंबडे पोरही जाणते. माझ्या दप्तरात पेन्सिल होती. टोक केलेली.