बिल नसलेलं खोकं

दि. ४ जून

नऊ हजार टॅक्स! एवढ्याशा खोक्याचा! परदेशातून मागवलं की स्वस्त पडतं म्हणालीस ना? मग ये इकडे आणि त्या काउंटरवरच्या माणसाला समजाव स्वस्त म्हणजे काय ते.

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद. गुडघे सोडून बाकी मी ठीक.

तुझ्या आईचं भरतकामाचं मशीन बंद पडून आज सोळा दिवस झाले. त्यात बसवायचं इलेक्ट्रॉनिक कार्ड तू पाठवलंस खरं, पण ते कुरिअरच्या गोदामात पडलंय. आई दोनदा जाऊन आली. म्हणतात, खोक्यात बिलच नाही, म्हणून वस्तू वीस हजारांची धरली. त्यावर टॅक्स. तू भरलेल्या पाठवणावळीवरही टॅक्स. तो टॅक्स आमच्या वतीने भरण्याची कुरिअरवाल्याची फी निराळी, वर रोजचं गोदामभाडं. वीस तारखेपर्यंत सोडवलं नाही तर खोकं आल्या वाटेने परत.

महिनाअखेर शाळेला खिशावरचे चारशे बिल्ले द्यायचेत. ते चुकले तर पुढच्या वर्षी शाळा आईला दारात उभी करणार नाही, आणि त्याच एका ऑर्डरवर हे घर चालतं. ती तुझ्यावर भयंकर चिडली आहे. दिवसभर बंद मशीन पुसत बसते. मी बिल्ले हाताने भरायला घेतलेत. माझी शाळा जेमतेम चौथीपर्यंतची, पण सुईने त्या शाळेचं नाव एकतीस वेळा लिहून झालं. आणखी थोडं लिहिलं की पदवी द्यायला हरकत नाही.

बिल कुठे आहे ते कळव. मायेचं नंतर बघू.
तुझी आजी

दि. १३ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. आई माझा फोन उचलत नाही, ते का हे आत्ता कळलं.

बिल मीच काढायला लावलं. मागे पाठवलेल्या स्वेटरवरची किंमत तू वाचलीस आणि एवढं महागाचं अंगावर घालू कशी म्हणून तीन वर्षं तो कपाटात ठेवलास. तेव्हापासून तुमच्याकडे काहीही पाठवताना मी किंमत काढून टाकते. या वेळीही दुकानाला सवयीने लिहिलं, की बिल आत घालू नका. दिवसभर मी इथे दुसऱ्यांची खोकी बांधते, त्यांच्यावर कागद चिकटवते, आणि घरच्याच खोक्याला कागद नाही. संध्याकाळी हातांत काही धरवत नाही, त्यात हे.

कार्ड साडेसात हजारांचं आहे. बिल आजच कुरिअरला मेलने पाठवलं. पण वीस हजार कुठून आले? विचारलं तर म्हणतात, घरच्या फोनवरून किंमत सांगितली. आई तर असं सांगणार नाही, तिला बाजारभाव पाठ आहे.

डोळ्यांना जप. उजेडात बसत जा.
तुझी भिंगरी

दि. २८ जून

चि. भिंगरीस अ. आ.

कुरिअरचा तो फोन मी उचलला होता.

शेजारीण समोरच बसली होती. लेकाने काय काय पाठवलं त्याचं तिचं तासभर चाललं होतं. तेवढ्यात फोनवरची बाई विचारते, आजी, तुमच्या खोक्यातली वस्तू केवढ्याची? मी शेजारणीकडे बघत ठणकावून सांगितलं, वीस हजारांची! माझी रीत तुला ठाऊक आहे. दुकानदाराला निम्मी किंमत सांगायची, शेजारणीला दुप्पट. सरकारला कुठली सांगायची, हे ठरवायची वेळ आजवर आली नव्हती.

मग तुझी आई तुला नावं ठेवत राहिली आणि मी ऐकत राहिले. बिल्ले भरत होते ते काही मोठेपणा म्हणून नाही. मान खाली घालून बसायला बरं पडतं.

तुझं बिल पोचलं, टॅक्स उतरला. फी आणि गोदामभाडं एका पैशाने उतरलं नाही. ते मी माझ्या डब्यातून दिलं, आईला वाटतं पैसे तू पाठवलेस. अठरा तारखेला कार्ड बसलं आणि मशीन धडधडायला लागलं. परवा चारशे बिल्ले शाळेत पोचले, त्यातले एकशे बारा माझे. तिथल्या बाईंनी विचारलं, एवढ्यांचीच अक्षरं वाकडी का? आई म्हणाली, ते जुन्या मशीनवरचे आहेत. पुढच्या वर्षीचंही काम दिलंय. बाहेर येऊन मला म्हणते, जुनं मशीन निदान बंद तरी पडत नाही. महिन्यात पहिल्यांदा हसली.

तो स्वेटर काढलाय. टोचतो.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर त्यावरही कुणीतरी टॅक्स लावेल. पत्र मिळालं की रविवारी आईला फोन कर. ती उचलेल, मी शेजारीच बसणार आहे. बिल का काढलंस विचारेल, ते तू सांग. मग वीस हजार कुठून आले असं विचारेल. तिथे तू चकार शब्द काढायचा नाहीस, मला सावरून घ्यायचं नाहीस. त्याचं उत्तर मी देणार.
तुझी आजी