ट्रॅक्टरचा नैवेद्य

इंदापूर, बेंदूर, १९९८

आबा,

लग्नाच्या बैठकीत मामंजी तुम्हाला म्हणाले होते, "पोरगी एम.ई. करंल की. आमी कशाला अडवतोय?" तेवढ्यावर तुम्ही आपल्या जळोचीत गावभर पेढे वाटलेत.

आज पुण्यात ऑटोमोबाइलच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. सर्टिफिकेटं घेऊन मी एसटीला निघाले, तर सासूबाई दारात आल्या. "आगं, निवद थोरल्या सुनंनंच दावायचा असतो. पुणं कुठं पळून चाललंय?" हे नुसते हसले.

बैल विकल्यापासून इथे बेंदराला ट्रॅक्टरच सजवतात. मी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, रेडिएटरपुढे पुरणपोळी धरली. मामंजी पाहुण्यांना सांगत होते, "सून इंजिनिअर हाय आमची."

शेजारच्या फोनवरून तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सणाचं ऱ्हा बाळ तितंच. जावयाला दुखवू नगं."

मग मी पाहुण्यांना वाढायला गेले. तेवढ्यात कॉलेज बंद व्हायच्या आत पुण्याला पोचवणारी शेवटची एसटी गेली.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही ते घेऊन मामंजींकडे याल, ते तुम्हाला जेवायला थांबवतील, आणि तुम्हा दोघांना मलाच वाढावं लागेल.

राजेश्वरी, बी.ई.